दुसऱ्यांदा मागितलेला आसरा

कोणी मोहफूल वाळत घालून सावलीला टेकली असेल, कोणी लेकराला थोपटत ऐकत असेल. आज बचतीचं, कर्जाचं, व्याजाचं काही बोलायचं नाही. आज एका शब्दाविषयी बोलायचं आहे. तो शब्द आपल्या भागातल्या कितीतरी घरांत टपालाने किंवा कोतवालाच्या हातून आलेला आहे. 'अमान्य'.

मागच्या महिन्यात मुलचेरा तालुक्यातल्या एका गावात आम्ही गटांची बैठक घेतली. वह्या तपासून झाल्या, चहा झाला, आणि दोन बायांनी पदराखालून दोन कागद काढले. एक गोंड घरातली वहिनी, दुसरी बंगाली घरातली सून. दोघींचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले होते. वहिनीच्या कागदावर नाव, गट नंबर आणि शेवटी एकच शब्द, 'अमान्य'. सुनेच्या कागदावर मात्र कारण होतं : तीन पिढ्यांचा पुरावा नाही.

आम्ही कागद मोठ्याने वाचून दाखवत होतो. सुनेची आजेसासू भिंतीला टेकून बसली होती. गावात सगळे तिला दिदा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. तिला ऐकायला कमी येतं, पण हा शब्द तिने बरोबर ऐकला. म्हणाली, "पुन्हा निघायला लावतील का?"

बैठक शांत झाली. निघायला कोणी लावत नव्हतं, प्रश्न दोन-अडीच एकराचा होता. पण दिदा नऊ वर्षांची असताना खुलना जिल्ह्यातलं घर सोडून निघाली होती. तिच्या कानाला सरकारी कागदावरचा नकार म्हणजे गाठोडं बांधणं. त्या दिवशी तिला नीट उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वाचलं, विचारलं, आणि जे समजलं ते आज सांगतो.

साठ वर्षं मागे जाऊ. डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस नाहीसा झाला. थोड्याच दिवसांत तो सापडला, पण तोवर वणवा लागून गेला होता. जानेवारी १९६४ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, खुलन्यापासून दंगल सुरू झाली. हिंदूंची घरं जळली. उलट बाजूला कलकत्त्यात मुसलमानांची जळली. केस हरवला काश्मिरात आणि होरपळले नदीकाठचे मासेमार आणि धान लावणारे शेतकरी. लाखो माणसं सरहद्द ओलांडून आली. त्यांत नमशूद्र समाजाची घरं फार होती.

पश्चिम बंगालने हात टेकले होते, फाळणीपासून तिथे माणसं येतच होती. म्हणून केंद्र सरकारने १९५८ मध्येच दंडकारण्य प्रकल्प काढला होता, बस्तर आणि कोरापूटच्या जंगलात निर्वासितांना वसवायचा. नव्याने आलेल्यांना आधी रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवलं, आणि तिथून काही घरं आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यात आणली. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आज मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं आहेत, बांगला बोलणारी, तळ्यात मासे पाळणारी, दुर्गापूजा करणारी. ती अशी वसली. दिदा सांगते, ट्रकमधून उतरलो तर चहूकडे सागवान, आणि आई रडायला लागली की इथे नदी कुठे आहे.

त्यांना जमीन मिळाली, घराला जागा मिळाली, आणि नागरिकत्व मिळालं. हे तिसरं फार महत्त्वाचं. नागरिकत्वाच्या १९५५ च्या कायद्यात कलम ५ आहे. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा अखंड हिंदुस्थानात जन्मले, ते अर्ज करून नोंदणीने नागरिक होऊ शकत. दिदाच्या ट्रंकेत तिच्या सासऱ्याचं तसं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत आहे. एका कागदाने सगळं घर या देशाचं झालं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

इथे आम्हाला थांबून एक गोष्ट बोलायची आहे, कारण बैठकीत वहिनीही बसलेली होती. सरकारने आसरा दिला हे खरंच. पण तो ज्या जंगलातून कापून दिला, ते जंगल रिकामं नव्हतं. तिथे गोंड आणि माडिया गावं होती, त्यांची शिकारीची, मोहाची, चराईची वहिवाट होती. त्यांना कोणी विचारलं नाही. म्हणून काही गावांत आजही बंगाली आणि आदिवासी बाया एका गटात बसायला वेळ लागतो. दोघींचं दुखणं एकमेकींनी दिलेलं नाही, हे आम्ही दर बैठकीत सांगतो. ऐकून घेतात. पटतं का, ते माहीत नाही.

आता त्याच १९६४ सालची दुसरी वाट बघा. त्याच पूर्व पाकिस्तानात चितगावच्या डोंगरात चकमा नावाचे बौद्ध आदिवासी राहत. कर्णफुली नदीवर काप्ताई इथे विजेसाठी मोठं धरण झालं आणि त्यात सुमारे एक लाख माणसांची घरंशेतं बुडाली. त्यांतली बरीच माणसं आसामात आली. आसामने सांगितलं, आमच्याकडे जागा नाही. तेव्हा केंद्र सरकारने सुमारे चार हजार चकमा ईशान्येच्या सरहद्दीवरच्या जंगलात वसवले. तो भाग आज अरुणाचल प्रदेश आहे. त्यांनाही जमीन दिली, दर कुटुंबाला ४,२०० रुपये मदत मंजूर केली. त्यांच्याबरोबर मैमनसिंगकडचे हाजोंगही होते.

म्हणजे देश तोच सोडलेला, साल तेच, सरकार तेच, जंगलही तसंच. फरक एकच : दिदाच्या सासऱ्याला नागरिकत्वाचा कागद मिळाला आणि चकमांना मिळाला नाही. तेवढ्या फरकाने कितीतरी वर्षं कोर्टात गेली.

चकमांकडे येण्याआधी आपल्याच दंडकारण्यातली एक गोष्ट मध्ये येते, ती टाळून चालणार नाही. दिदाच्या घरात ती बोलली जात नाही, पण माहीत सगळ्यांना आहे. १९७८ मध्ये दंडकारण्यातली हजारो कुटुंबं भांडीकुंडी विकून पुन्हा बंगालकडे निघाली. पडीक जमीन, पाणी नाही, भाषा परकी. पश्चिम बंगालमध्ये नवं सरकार आलं होतं, आणि त्यातल्या नेत्यांनी विरोधात असताना निर्वासितांची बाजू घेतली होती. लोकांना वाटलं आता घेतील. सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर त्यांनी झोपड्या बांधल्या, विहिरी खोदल्या, शाळा काढली. सरकार म्हणालं, तुमचं पुनर्वसन एकदा झालेलं आहे, दुसऱ्यांदा मागता येणार नाही, आणि हे राखीव जंगल आहे.

दुसऱ्यांदा मागता येणार नाही. बायांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

जानेवारी १९७९ च्या अखेरीस पोलिसांच्या बोटींनी बेटाला वेढा घातला. अन्न, गोडं पाणी, औषध बंद. वकील कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि अन्नपाणी अडवू नका असा अंतरिम आदेश त्यांनी मिळवला. पण त्या लोकांनी दुसऱ्यांदा मागितलेल्या आसऱ्याचं काय, त्यांचं म्हणणं एकदा तरी नीट ऐकलं का, या प्रश्नापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. मे महिन्यात झोपड्या जाळून माणसांना परत दंडकारण्यात पाठवलं. मेले किती यावर आजही एकमत नाही. वाचले त्यांतले कितीतरी पुन्हा त्याच जमिनीवर नांगर धरायला आले.

आता चकमा. अरुणाचलमधल्या काही चकमा कुटुंबांना सरकारने नेमून दिलेल्या जागेतून ती दुसऱ्या जागी गेली म्हणून परत जाण्याचा हुकूम १९८४ मध्ये झाला. त्यांच्यातला एक जण, खुदिराम चकमा, कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं की आसाम करारानंतर नागरिकत्वाच्या कायद्यात नवं कलम आलं आहे, त्यानुसार आम्ही आपोआप नागरिक झालो. खालून वरपर्यंत खटला चालला आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. ते कलम आसामात राहिलेल्यांसाठी होतं आणि हे लोक आसामात थोडाच काळ राहून पुढे गेले होते. दावा अमान्य. तोही देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टातून.

आपण असतो तर काय केलं असतं? आपल्या गावात तर तलाठी नाही म्हणाला की आपण कागद घडी करून कपाटात ठेवतो.

चकमांनी ठेवला नाही. त्यांनी दुसरा दरवाजा शोधला, कलम ५ चा. दिदाच्या सासऱ्याने ज्या वाटेने कागद मिळवला तीच वाट. आपोआप नागरिक नसू, पण अर्ज करून नोंदणी तर मागू शकतो? त्यांनी अर्ज केले. अर्ज जायचे जिल्ह्याच्या उपायुक्ताकडे, म्हणजे आपल्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याकडे. तिथून ते केंद्राकडे गेलेच नाहीत. काही दाबून ठेवले, काही खालच्या चौकशीवरूनच नाकारले. एवढ्यात तिथल्या विद्यार्थी संघटनेने ३० सप्टेंबर १९९५ पर्यंत राज्य सोडा अशी ताकीद दिली. स्थानिक आदिवासींची भीती खोटी नव्हती, त्यांना त्यांची जमीन जाईल असं वाटत होतं, आणि ती भीती आपल्याला इथे बसून समजते. पण तीस वर्षं राहिलेल्या माणसांना तारीख देऊन हाकलणं हा त्यावर उपाय नव्हता.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ ला सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने निकाल दिला. राज्य सरकारने म्हटलं, हा प्रश्न तर खुदिरामच्या खटल्यात संपला, तुम्हीच नाही म्हटलंत. कोर्टाने सांगितलं, नाही संपला. तेव्हाचं मागणं वेगळ्या कलमाखाली होतं, आताचं वेगळ्या. एका कलमाखाली मिळालेल्या नकाराने दुसऱ्या कलमाचा अर्ज मरत नाही. दुसरं, अर्ज मंजूर करायचा की नाही हे केंद्राने ठरवायचं, उपायुक्ताचं काम तो आपल्या अहवालासह पुढे पाठवण्याचं. वाटेतल्या अधिकाऱ्याने तो स्वतःच अडवला, हे बेकायदा. तिसरं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत कोणालाही घरातून काढायचं नाही, आणि राज्याने त्यांच्या जिवाचं रक्षण करायचं, लागलं तर केंद्राचं पोलीस बळ मागवून. कारण जगण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये आहे आणि तिथे 'नागरिक' असा शब्द नाही, 'व्यक्ती' असा आहे. वर राज्याने आयोगाला दहा हजार रुपये खर्च द्यावा, असंही सांगितलं.

आता नीट ऐका. कोर्टाने चकमांना नागरिकत्व दिलं नाही. ते कोर्टाचं काम नव्हतं. कोर्टाने एवढंच तपासलं की ज्याने नाकारलं त्याला नाकारायचा अधिकार होता का, आणि त्याने कायद्याप्रमाणे पाहिलं का. वकिलांच्या भाषेत याला न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. शब्द जड आहे. आपल्या भाषेत, निकाल बरोबर की चूक ते नंतर, आधी निकाल लावण्याची रीत बघू. गटाच्या लेखापरीक्षणात आपण हेच करतो. कर्ज कोणाला दिलं यावर लेखापरीक्षक वाद घालत नाही. ठराव झाला होता का, हजेरीवर सह्या आहेत का, ते तो बघतो.

पुढे काय झालं ते फार आनंदाचं नाही. अर्ज पुन्हा रेंगाळले. सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की तीन महिन्यांत निकाल लावा. तीन महिने कधीच होऊन गेले. चकमांची जी लेकरं भारतात १ जुलै १९८७ च्या आधी जन्मली, ती जन्मानेच नागरिक आहेत, आणि त्यांतल्या काहींची नावं दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मतदार यादीत आली. जन्माचा हाच नियम एका तिबेटी मुलीने २०१० मध्ये दिल्लीच्या कोर्टातून स्वतःसाठी लागू करून घेतला. तिला पासपोर्ट नाकारला होता. तिबेटी म्हटलं की आपल्याला हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे आठवतात. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला त्यांची वसाहत आहे, त्यांच्याही घरी हा प्रश्न असणार.

तुम्ही म्हणाल, आसऱ्याचा काही कायदा नाही का? नाही. परदेशातून जीव मुठीत धरून आलेल्या माणसाला कसं तपासायचं, कोणी तपासायचं, नाकारलं तर अपील कुठे, असा वेगळा कायदा आपल्या देशात नाही. १९५१ मध्ये जगातल्या देशांनी निर्वासितांचा करार केला, त्यावर भारताची सही नाही. म्हणून आपल्याकडे सगळं येणाऱ्याच्या नशिबावर आणि सरकारच्या धोरणावर. १९६४ मध्ये दिदाला दार उघडं होतं. पुढे २५ मार्च १९७१ ही तारीख ठरली आणि त्यानंतर आलेला माणूस घुसखोर ठरू लागला. कोर्टं मधून मधून हात देतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका इराणी माणसाला परत पाठवू दिलं नाही, कारण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीने त्याला निर्वासित मानलं होतं. पण नेहमीच तसं होत नाही. २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांनी मागितलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने दिला नाही. देशात राहण्याचा हक्क नागरिकाचा आहे, असं म्हटलं. तरी एक अट त्याही वेळी घातली : ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवायचं नाही.

ज्या देशांत आसऱ्याचा कायदा आहे तिथे काय चालतं, हेही थोडं बघू, कारण आपल्या सुनेच्या कागदाला त्याचा उपयोग आहे. इंग्लंडमध्ये १९८७ मध्ये युगांडाच्या एका माणसाचा खटला गाजला. तो केनियातून आला होता. कचेरी म्हणाली, तुझा दावा अमान्य, केनियात परत जा, तिथे तुला धोका नाही. तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टाने विचारलं, केनियाने याआधी युगांडाच्या माणसांना परत युगांडात ढकललं आहे, ते तुम्ही पाहिलंत का? पाहिलं नव्हतं. निर्णय रद्द. त्या खटल्यापासून तिथे एक रीत पडली की ज्या निर्णयाने माणसाचा जीव जाऊ शकतो, त्या निर्णयाकडे कोर्टाने सर्वांत जास्त काळजीने बघायचं.

दुसरा खटला १९९६ चा, म्हणजे चकमांचा निकाल लागला त्याच वर्षीचा. नायजेरियातल्या एका तरुणाचा दावा आधी फेटाळला होता, त्याने पुन्हा केला. प्रश्न असा की एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा केलेला अर्ज हा अर्ज धरायचा की नाही? कोर्टाने म्हटलं, धरता येतो. पण तो आधीच्यापेक्षा पुरेसा वेगळा पाहिजे. नवा पुरावा असेल, परिस्थिती बदलली असेल, आणि त्यामुळे निकाल बदलण्याची खरीखुरी शक्यता असेल तर. कांडलेलंच धान पुन्हा उखळात घालून तांदूळ वाढत नाही. तिथे आजही दुसऱ्या अर्जाला हीच कसोटी आहे. कचेरी आधी बघते, यात नवीन काय? नवीन काही नाही म्हणून तिने दार लावलं, तर कोर्ट एवढंच बघतं, की नव्या कागदाकडे कचेरीने खरंच डोळे उघडून पाहिलं होतं का.

पुन्हा मागणारा लबाड असतो, असा समज सगळीकडच्या कचेऱ्यांत आहे. 'हे पुन्हा आले' असं म्हणताना साहेबांचा चेहरा कसा होतो, ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. काही लबाड असतीलही. पण पहिल्या वेळी माणसाजवळ कागद नसतो, भाषा नसते, भीती असते. बाईवर वाटेत जे गुदरलं ते ती पहिल्याच दिवशी परक्या पुरुषासमोर सांगत नाही. दिदाने आम्हाला इतक्या वर्षांत सरहद्दीवरच्या त्या रात्रीचं अर्धंच सांगितलं आहे.

आता आपल्या दोन कागदांकडे येऊ. २००६ चा वनहक्क कायदा आसऱ्याचा नाही, पण नाकारण्याची रीत त्यातही तीच. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून काढा, असा आदेश राज्यांना दिला होता. तेव्हा आपल्या भागात काय घबराट झाली होती, आठवतं ना? तो आदेश २८ फेब्रुवारीला स्थगित झाला. आणि स्थगित करताना कोर्टाने राज्यांना काय विचारलं? दावे नाकारताना रीत पाळली का ते प्रतिज्ञापत्रावर सांगा. ग्रामसभेने काय म्हटलं होतं? दावेदाराला ऐकून घेतलं का? नकाराचं कारण कळवलं का? चकमांच्या वेळी जे तपासलं, तेच इथे.

वहिनीच्या कागदावर कारण नाही. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत स्पष्ट आहे की नकार असेल तर कारण लिहून दावेदाराला कळवायचं, आणि ऐकून घेतल्याशिवाय नाकारायचं नाही. उपग्रहाचं चित्र जोडीला घेता येतं, पण तेवढ्यावर नाकारता येत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, जुनी बांधी, विहीर, पुरलेल्यांची जागा, हे सगळं पुरावा आहे. तेव्हा वहिनीचा कागद कच्चा आहे. उपविभागीय समितीचा निर्णय असेल तर साठ दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांनी २०२० मध्ये त्याच्याही वर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली आहे. आणि शेवटी नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहेच.

सुनेच्या कागदाचं तसं नाही. तिथे कारण लिहिलं आहे आणि ते खोटं नाही. जी घरं आदिवासी नाहीत, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहिल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे १९३० पासून. दिदा आली १९६४ ला. ती म्हणाली, "तीन पिढ्या आहेत ना, पहिली नदीपलीकडे पुरली आहे." सगळ्या हसल्या, मग कोणी हसेना. हा नियम निर्वासितांना समोर ठेवून लिहिलेला नाही आणि त्यात ते बसत नाहीत. तोच अर्ज पुन्हा टाकला तर पुन्हा तेच उत्तर येईल, आणि कोर्टही फार काही करणार नाही. आम्ही हे तिला स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवणं हेही एक पाप आहे.

पण खुदिरामची गोष्ट कळल्यावर आम्ही ट्रंक उघडायला लावली. प्रमाणपत्राच्या खाली पुनर्वसनाच्या वेळचा जमीन वाटपाचा कागद निघाला, त्यावर बांगलात कोणीतरी हिशेब लिहिलेला. सुनेने दावा केलेले दोन-अडीच एकर त्या मूळ वाटपाच्या हद्दीत येतात की बाहेर, हे आजवर कोणी मोजलेलंच नाही. आत येत असतील तर हा वनहक्काचा प्रश्नच नाही, महसुलाचा आहे. अर्ज वेगळा, कलम वेगळं, कचेरी वेगळी. बाहेर येत असतील तर मात्र कठीण आहे. मोजणीचा अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहिला. वहिनीचं अपीलही लिहिलं. ते लिहून घ्यायला सुनेचा मुलगाच बसला, कारण त्याचं मराठी अक्षर आमच्यापेक्षा चांगलं आहे.

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा त्या गावी जाणार आहोत. आजूबाजूच्या गटांतल्या ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी घेऊन यावे. कागदाबरोबर लिफाफाही आणा, फेकून दिला नसेल तर. साठ दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे, त्याचा वाद झाला तर टपालाचा शिक्का कामाला येतो. आणि म्हाताऱ्या माणसांनाही सोबत आणा. त्यांच्या बसण्यासाठी चटया आम्ही घालून ठेवू.